फुमिए-सानच्या रिकाम्या खोल्या

फोन आला तेव्हा मी दुबईत, देऱ्यातल्या ऑफिसात होतो. सकाळचे अकरा वाजले असतील. आमच्या बिल्डिंगचा नातूर शम्सुभाई बोलत होता. इकडे वॉचमनला सगळे नातूरच म्हणतात. "सामंतसाब, जापानी मॅडम दरवाजा नहीं खोल रही. दूधवाला दो बार आके गया." जापानी मॅडम म्हणजे फुमिए-सान, नावामागचं 'सान' म्हणजे आपलं 'बाई'. त्यांच्या फ्लॅटची एक किल्ली आमच्याकडे असायची. मी वर्षाला, माझ्या बायकोला, फोन केला आणि टॅक्सी पकडली. शारजाच्या ट्रॅफिकमध्ये अल मजाजला, घरी, पोचायला सव्वा तास लागला. पोचलो तेव्हा पॅरामेडिक येऊन गेले होते आणि पोलिसांचा एक माणूस दारात उभा राहून काहीतरी लिहीत होता. आदल्या दिवशी संध्याकाळीच केव्हातरी गेल्या, म्हणाला. त्या चटईवर एका कुशीवर निजल्या होत्या, गालाखाली तळहात घेऊन. रंगाच्या पांढऱ्या बशा धुऊन पालथ्या घातलेल्या होत्या, कुंचले धुऊन टांगलेले होते. सगळं आवरलेलं... फक्त सरसाचं भांडं तेवढं चुलीवर राहिलं होतं. ती छोटी इलेक्ट्रिक शेगडी. ते फेकून द्यावं म्हणून मी उचललं, आणि ते कोमट होतं. शेगडीचा प्लग काढलेला होता. खिडकीशी ऊन येतं, ऑगस्टमध्ये इथे काहीही कोमट राहतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. पण त्या खोलीचा एसी चालू होता आणि पायाखालची फरशी गार होती.

याला आता सव्वा महिना झाला. वर्षा म्हणाली, लिहून काढ, म्हणजे सुटशील. सुटेन की नाही ठाऊक नाही, पण या बाईंबद्दल मराठीत कुणी लिहिणार असेल तर तो मीच, म्हणून लिहितो.

ओळख झाली तीही माझ्या कामामुळे. मी परदेशातून येणारा माल सोडवून देणाऱ्या कंपनीत आहे. पंधराएक वर्षांपूर्वी जपानहून एक पेटी आली, तिच्यात काचेच्या साठ-सत्तर बाटल्या, आणि प्रत्येक बाटलीत रंगीत भुकटी. कागदपत्रांत नुसतं 'आर्ट मटीरिअल' लिहिलेलं. तपासणीसाठी पेटी थांबली आणि दुसऱ्या दिवशी मालकीणबाई स्वतः हजर झाल्या. ठेंगण्या, पन्नाशी ओलांडलेल्या, करड्या सुती कोटातल्या. इंग्रजी तुटकं, पण हिंदी बऱ्यापैकी, बाजारात वीस वर्षं भाजी घेऊन शिकलेलं. एक निळी बाटली उघडून चिमूटभर पूड त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाल्या, "पत्थर. सिर्फ पत्थर." ती खरोखर दगडाची पूड होती. जाड दळली की गडद निळी, बारीक दळली की आभाळासारखी फिकट, आणि अगदी पिठासारखी केली की जवळजवळ पांढरी. एकच दगड. पेटी सुटली, आणि संध्याकाळी लिफ्टमध्ये त्याच बाई माझ्या शेजारी उभ्या. आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहत होतो, त्या नवव्या मजल्यावर, आम्ही सहाव्या.

आमची ईरा तेव्हा नऊ वर्षांची होती. तिला चित्रकलेचं वेड, म्हणून वर्षाने तिला आठवड्यातून एकदा वर पाठवायला सुरुवात केली. पहिले चार महिने ईरा घरी येऊन तक्रार करायची, "आई, शी डझन्ट लेट मी ड्रॉ. ओन्ली मिक्सिंग." फुमिए-सान तिच्याकडून शिंपल्याची पांढरी पूड सरसात मळून घेत. सरस म्हणजे जनावरांच्या कातडीपासून केलेला डिंक, तो मंद आचेवर विरघळवायचा, उकळू द्यायचा नाही. पिठाच्या गोळ्यासारखा तो गोळा बशीत शंभर वेळा आपटायचा. का, ते विचारायचं नाही. नंतर कळलं की त्या स्वतः एकोणिसाव्या वर्षी क्योतोमध्ये गुरूंकडे राहायला गेल्या तेव्हा त्यांनी दोन वर्षं एवढंच केलं होतं. पहाटे सरस शिजवायचा, कागदाला तुरटीचं पाणी द्यायचं, गुरूंच्या बशा धुवायच्या. तिसऱ्या वर्षी हातात कुंचला मिळाला आणि सात वर्षं त्यांनी पक्षी काढले. नुसते पक्षी. बगळे, चिमण्या, लावे. एकेक पीस वेगळं दिसेल असे.

गुरू काही बोलायचे नाहीत. एकदाच म्हणाले होते, पक्षी कशाला काढतेस, तो उडून गेल्यावर फांदी हलते ना, ती काढ. फुमिए-सान हे सांगताना हसल्या नव्हत्या. "हमको बहुत गुस्सा आया," म्हणाल्या. त्यांना वाटलं, म्हातारा आपली खोड मोडतोय. त्यांची चित्रं वार्षिक प्रदर्शनातून तीन वर्षं परत आली. गुरूंनी मागून आलेल्या एका मुलाला पुढे केलं. मग त्यांनी लग्न केलं, नवरा जहाजांच्या इंजिनांचा इंजिनियर, त्याची नोकरी इकडे लागली, आणि त्या बाटल्या, कुंचले नि कागदाची भेंडोळी घेऊन शारजात आल्या. इथेही पक्षीच. फ्लेमिंगो, हुदहुद, खालिद लगूनवरचे समुद्रपक्षी. हॉटेलांच्या लॉबीत लागायचे ते, सुरेख, सोनेरी वर्खावर. लोक त्यांच्यापुढे उभे राहून फोटो काढायचे. आपण फार चांगल्या कारागीर आहोत आणि चित्रकार नाही, हे आपल्याला माहीत होतं, असं त्या मला एकदा म्हणाल्या. असं शांतपणे स्वतःबद्दल बोलणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

बदल झाला तो नवरा गेल्यावर. ईरा तेव्हा अकरावीत होती. दुपारी जेवून ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते आणि फुमिए-सान आतल्या खोलीत कागद ताणून बसवत होत्या. बाहेर आल्या तेव्हा सगळं झालेलं होतं. अँब्युलन्स आली, माणसं आली, त्यांना घेऊन गेली, कागदपत्रं झाली. चार तासांनी त्या एकट्या परत घरात शिरल्या. खुर्चीतल्या उशीवर अजून खळगा होता. "वो खड्डा धीरे धीरे ऊपर आ रहा था," त्यांनी मला सांगितलं. त्या समोर जमिनीवर बसून राहिल्या, ती उशी पूर्ण वर येईपर्यंत. आणि मग त्यांनी कागद घेतला.

ते चित्र मी पाहिलंय. खुर्ची, खिडकीतला उजेड, उशी. उशी अर्धी वर आलेली आहे. कशी काढली, सांगता येत नाही, पण बघत राहिलं की ती अजून वर येतेय असं वाटतं. वर्षा पहिल्यांदा ते बघून लगेच बाहेर गेली होती. त्या दिवसानंतर फुमिए-सानने एकही पक्षी काढला नाही, एकही जिवंत गोष्ट काढली नाही. फक्त खोल्या. नुकतंच कुणीतरी उठून गेलेल्या खोल्या.

आता माझ्या आईचं सांगायला हवं. ज्या वर्षी विमानं बंद होती त्या वर्षी आई गावी, वेंगुर्ल्याला वारली. मी जाऊ शकलो नाही. पुतण्याने मोबाइल धरला होता, त्यावर मी तिला नेताना पाहिलं, आणि ऐन फाटकाशी नेट अडकलं. माझी आई माझ्या डोळ्यांत अजून तशीच आहे, फाटकात थांबलेली. त्यानंतर मी कामावर जात होतो, मेल लिहीत होतो, पण घरात बोलणं बंद झालं होतं. महिन्याभराने ईराने वरून निरोप आणला. "बाबा, फुमिए-सान वॉन्ट्स यू टु कम. जस्ट कम अँड टॉक, शी सेज."

मी गेलो. चार शुक्रवार, दुपारच्या जेवणानंतर. दोघांच्या तोंडाला मास्क, मध्ये उघडी बाल्कनी. त्या रंग घोटत बसायच्या आणि मी हिंदीत आईबद्दल बोलायचो. ती किती कडक होती, आम्हा भावांना तिचा किती धाक होता, मी पहिल्यांदा दुबईला निघालो तेव्हा ती फाटकापर्यंतसुद्धा आली नाही, कामातच राहिली... चेहरा कसा होता, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. फोटो दाखवायला लागलो तर हाताने थांबवलं. प्रश्न वेगळेच असायचे. जमिनीवरून उठताना ती कुठला हात टेकायची? उंबरा ओलांडताना आधी कुठलं पाऊल? मागच्या पडवीत सकाळी उजेड कुठून येतो? मला उत्तरं येत होती याचंच मला आश्चर्य वाटत होतं. डावा हात. उजवं पाऊल. माडांच्या बाजूने.

तीन आठवड्यांनी त्यांनी बोलावलं. चित्र भिंतीला टेकवून ठेवलं होतं. "खलास," म्हणाल्या. चित्र पुरं झालं की हा एकच शब्द त्या म्हणायच्या, इथल्या दुकानदारांसारखा.

आमची मागची पडवी होती ती. शेणाने सारवलेली जमीन अर्धी झाडलेली, झाडूच्या रेघा मध्येच थांबलेल्या. एक पाट, जरा तिरका. झाडू भिंतीशी. आणि कोपऱ्यात एक पालथी टोपली, तिच्यावर दगड ठेवलेला. लालसर, भोकाभोकांचा, आमच्याकडचा जांभा. मी त्यांना जांभ्याबद्दल काही बोललो नव्हतो. टोपलीबद्दल तर नाहीच, आमच्या पडवीत टोपली कधी नसायची.

"ये टोकरी कैसी?" मी विचारलं.

त्यांनी चित्राकडे पाहिलं, जणू पहिल्यांदाच बघतायत. "पता नहीं. वहाँ थी."

मी वाद घातला नाही. घरी येऊन फोटो काढला आणि भावाच्या फोनवर पाठवला. तासाभराने वहिनीचा फोन आला. म्हणाली, "भावजी, टोपलीचा तुमका कोणी सांगल्यान?"

मला कुणीच काही सांगितलं नव्हतं. ते तिने तेव्हा सांगितलं. त्या सकाळी आईला परसात बुलबुलाचं एक पिल्लू सापडलं होतं, पंख दुखावलेलं. मांजर आसपास होतं, म्हणून आईने पडवीच्या कोपऱ्यात त्याच्यावर टोपली पालथी घातली, वर जांभ्याच्या चिऱ्याचा तुकडा ठेवला. "सांजेक बघूया," असं वहिनीला म्हणाली आणि झाडायला लागली. अर्धं झाडून झाल्यावर घाम आला म्हणून पाटावर टेकली. त्यानंतर उठलीच नाही. त्या धावपळीत टोपली सगळेच विसरले. तिसऱ्या दिवशी वहिनीला आठवण झाली. तिने जाऊन दगड काढला, टोपली उचलली. खाली काही नव्हतं. पिल्लू नाही, पीस नाही, घाण नाही. भाऊ म्हणाला मांजराने नेलं असेल. "दगड तसोच होतो हो," वहिनी मला पुन्हा पुन्हा सांगत होती.

मी फोन ठेवला आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा रडलो. घाबरायला हवं होतं, पण भीती नंतर आली. तेव्हा मला एवढंच कळलं की आई गेली त्या सकाळी ती कुणाचीतरी काळजी घेत होती, आणि ते मला आता ठाऊक आहे. फाटकात अडकलेल्या त्या चित्राशिवाय माझ्याकडे आता आणखी एक चित्र होतं.

वर्षाला मात्र ते हॉलमध्ये नको झालं. "मला त्या टोपलीकडे पाठ करून बसवत नाही," ती म्हणाली. तिची चूक नव्हती. संध्याकाळी दिवे लावायच्या आधी मीही त्या टोपलीकडे बघायचं टाळायचो. शेवटी ते ईराच्या खोलीत गेलं, आणि ईरा आर्किटेक्ट होऊन अबुधाबीला राहायला गेली तेव्हा तिने ते स्वतःबरोबर रीम आयलंडच्या फ्लॅटवर नेलं. तिला कधी काही वाटलं नाही. "इट्स आजी'ज रूम, बाबा. व्हॉट इज देअर टु बी स्केअर्ड ऑफ?"

गोष्ट बिल्डिंगमध्ये पसरली. ती मीच पसरवली असणार. चौथ्या मजल्यावर ब्लॉसम राहते, वसईची, एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला. तिचे वडील त्याच वर्षी गेले होते, वसईच्या घरात, एकटे असताना, असं तिच्या भावाने तिला कळवलं होतं. तीही वर गेली, बोलली. फुमिए-सानने तिला खोली काढून दिली. वडिलांची खाट, विस्कटलेली चादर, भिंतीवर क्रूस, आणि दाराबाहेर चपलांचे दोन जोड. एक वडिलांचा, दुसरा तरण्या माणसाचा, त्यातली एक चप्पल उलटी झालेली.

ब्लॉसमने ते भावाला पाठवलं आणि विचारलं. तो आधी चिडला, मग दोन दिवसांनी रडत फोनवर कबूल झाला. तो तिथे होता. घरावरून भांडण झालं, तो चपला न घालताच तरातरा निघून गेला. वडिलांनी मागून हाक मारली तरी वळला नाही. बहीणभाऊ त्यानंतर बोलत नाहीत. ब्लॉसम चित्र घेऊन आमच्या दारात आली. "तुम्ही त्यांना परत करा. मला हे माहीत नसतं तर बरं झालं असतं," म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

मी चित्र वर नेलं, सगळं सांगितलं. फुमिए-सानने ते उलटं करून भिंतीशी ठेवलं. मग कोट चढवला, चौथ्या मजल्यावर गेल्या, आणि ब्लॉसमच्या दारात कमरेतून वाकून उभ्या राहिल्या. ब्लॉसम त्यांना सरळ उभं करायला बघत होती, त्या होईनात. परतताना लिफ्टमध्ये मला म्हणाल्या, "फांदी हलते तेवढी मी काढते असं मला वाटायचं. ती कुणी हलवली हे बघायचा मला अधिकार नव्हता." हे त्यांनी हिंदी-इंग्रजीची मोडतोड करत सांगितलं, मी मराठीत लिहितोय, पण म्हणणं हेच होतं.

मी मात्र विचारल्याशिवाय राहिलो नाही. "तुम्हाला दिसतं का हे?"

"नाही," त्या म्हणाल्या. "मी ऐकतसुद्धा नाही नीट. तुम्ही बोलता तेव्हा मी सरसाकडे लक्ष देते. कागदावर रंग वाळत आला की काही ठिकाणी वाळत नाही. तिथे काहीतरी असतं. मग मी ते काढते."

त्यानंतर त्यांनी दुसऱ्या कुणासाठी चित्र केलं नाही. अल मजाजमधले, अजमानचे, कुठकुठले लोक विचारत यायचे, शम्सुभाई त्यांना खालूनच परत पाठवायचा. शेवटची तीन-चार वर्षं त्या स्वतःची खोली काढत होत्या. तीच खोली, पुन्हा पुन्हा. ईरा सुट्टीला आली की वर जाऊन बघून यायची. एकदा खाली येऊन म्हणाली, "बाबा, एव्हरी टाइम देअर इज लेस." पहिल्या चित्रात बाटल्यांचं कपाट होतं, पुढच्यात नव्हतं. मग खुर्ची गेली. मग कुंचले. आणि खोलीतल्या वस्तूही तशाच कमी होत होत्या का, हे मला सांगता येत नाही, कारण मी इतकं लक्ष देऊन कधी पाहिलं नव्हतं. त्या गेल्या तेव्हा खोलीत खुर्ची नव्हती, हे मात्र खरं.

आठवड्याने जपानहून त्यांचा भाचा आला. चाळिशीचा, थकलेला, अतिशय नम्र गृहस्थ. त्याने अस्थी घेतल्या, कुंचले घेतले, बाटल्या ईराला दिल्या. तिने रडत रडत खोक्यात भरल्या. फळीवर ताणून बसवलेलं शेवटचं चित्र तसंच होतं. त्याच्या मागे पेन्सिलीने जपानीत काहीतरी लिहिलेलं. भाच्याने वाचलं आणि आमच्याकडे वळला. "सहावा मजला, असं लिहिलंय," तो इंग्रजीत म्हणाला. "हे तुमचं आहे."

त्या चित्रात जवळजवळ काही नाही. जमीन, भिंतीचा खालचा भाग, डावीकडून येणारा उजेड, आणि भिंतीशी पाण्याने भरलेली एक वाटी. बाकी सगळा शिंपल्याचा पांढरा रंग, थरावर थर. जाताना भाच्याने बजावलं, तुमच्याकडे चोवीस तास एसी, कागद फार कोरडा पडला तर रंग तडकेल, चित्राखाली पाणी ठेवत जा.

आम्ही ते हॉलमध्ये लावलं. वर्षानेच जागा ठरवली. तिने भाच्याच्या सांगण्याप्रमाणे स्टीलची एक वाटी भरून खाली ठेवली, मागे सरकून बघितलं, आणि उभीच राहिली. मग मला हाक मारून चित्रातल्या जमिनीवर बोट ठेवलं. भिंतीलगतच्या एका टाइलचा कोपरा तुटलेला होता, त्रिकोणी. मग तिने खाली, आमच्या जमिनीवर बोट दाखवलं. शिफ्टिंगच्या वेळी तिथे फ्रिज आपटला होता, तेव्हा उडालेला टवका... फुमिए-सानच्या खोलीत उजेड उजवीकडून यायचा. आमच्याकडे डावीकडून येतो. त्या आमच्या घरी इतक्या वर्षांत दोनदा आल्या असतील, दोन्ही वेळा सोफ्याच्या टोकावर बसून, चहा अर्धा टाकून गेल्या.

मला वाटलं वर्षा ते काढून ठेवायला सांगेल. तिने ते तसंच राहू दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटीतलं पाणी बोटभर कमी झालेलं होतं, ते तिने भरलं. तेव्हापासून रोज ती भरते. एसीमुळे आटतं, मी म्हणतो, ती हो म्हणते. आठवडाभर आम्ही लेकीकडे अबुधाबीला होतो, एसी बंद, खिडक्या बंद. परत आलो तर वाटी कोरडी होती, आत पांढरी रेघसुद्धा नाही, धुऊन ठेवल्यासारखी लख्ख. वर्षाने पर्स सोफ्यावर टाकली, चपलाही काढल्या नाहीत, आधी स्वयंपाकघरात जाऊन तांब्या घेऊन आली. पाणी ओतता ओतता म्हणाली, "सात दिवस म्हणजे फारच झाले. पुढच्या वेळी शम्सुभाईकडे किल्ली देऊन जाऊ."